बोर्ड घरी आला, दोरी कंपनीतच राहिली

वाचकाचं पत्र

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी क्वालिटी विभागात आहे. घरी आई, पत्नी आणि दहावीतला मुलगा. कंपनीत फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची पद्धत), कायझेन (थोड्या-थोड्या सुधारणा करत राहणं), व्हाय-व्हाय (पुन्हा पुन्हा 'का' विचारत मूळ कारण शोधणं) या सगळ्याचं आमचं भरपूर ट्रेनिंग झालंय आणि त्याचा फायदा मी स्वतः पाहिलाय. आमच्या लाइनचं रिजेक्शन, म्हणजे सदोष म्हणून बाद होणारे भाग, खरोखर खाली आलं. आमचे ट्रेनर म्हणायचे, "चांगली कल्पना कुठेही चालते. कारखाना असो, घर असो." मला ते मनापासून पटलं आणि मी घरात सुरुवात केली.

पहिला होता आईच्या गोळ्यांचा तक्ता. तिला बीपी, शुगर आणि थायरॉइड. एखादी गोळी दोनदा घेतली जायची, एखादी राहूनच जायची. फ्रिजवर तक्ता लावला, गोळी घेतली की खूण करायची. उत्तम चाललंय. आता आईच तो शेजारच्या काकूंना कौतुकानं दाखवते.

मग मुलासाठी अभ्यासाचा बोर्ड लावला. रोज किती तास, किती धडे, लाल-हिरवी खूण. तास वाढले, पण चाचणी परीक्षेत मार्क कमी आले. मी त्याला समोर बसवून शांतपणे व्हाय-व्हाय केलं, तर तो उठून निघून गेला.

सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे. पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्याला दोनशे रुपये दंड सुरू केला. आता लोक दंड भरतात आणि गाडी तिथेच लावतात.

सगळ्यात वाईट झालं ते स्वयंपाकघरात. नवरात्र संपल्यावर पत्नी माहेरी गेली होती. मी डब्यांना लेबलं लावली आणि रेड टॅग केलं, म्हणजे फाइव्ह एसमध्ये नको असलेल्या वस्तूंना लाल चिठ्ठी लावतात तसं. तीन महिन्यांत न वापरलेली वस्तू बाहेर. पुरणयंत्र, एक जुना पितळी सोऱ्या आणि इतर बरंच सामान भंगारात दिलं. सोऱ्या तिच्या आईचा होता हे मला खरंच माहीत नव्हतं. ती आल्यावर एवढंच म्हणाली, "घर म्हणजे कंपनी नाही." तेव्हापासून कामापुरतंच बोलते.

माणूस तोच, कल्पनाही त्याच. आईच्या बाबतीत चालल्या, बाकी सगळीकडे फसल्या. पत्नी बरोबर की ट्रेनर? कोणती कल्पना कुठे लागू पडेल हे आधी कसं ओळखायचं? आणि रोज रात्री घरात दहा मिनिटांची मीटिंग सुरू करायचा विचार आहे. करू का?

— एक वाचक, मोशी

उत्तर

आधी भंगारवाल्याला फोन करा. पत्रात तुम्ही तो केल्याचं कुठे दिसलं नाही. पितळ वितळायला जाण्यापूर्वी काही दिवस गोदामात पडून असतं, त्यामुळे थोडी आशा आहे. सापडला तर मागेल त्या किमतीला परत घ्या. नाही सापडला तर तुळशीबागेतून नवाकोरा आणून ओट्यावर ठेवण्याचा चमत्कार मात्र करू नका. तिला तिच्या आईचा सोऱ्या हवाय. नुसता चकलीचा साचा तिला कुठल्याही दुकानात मिळेल. "माझं चुकलं, मी तुला विचारायला हवं होतं" एवढं म्हणा आणि थांबा. त्यापुढे "पण माझा हेतू..." असं वाक्य तोंडाशी येईल. ते गिळा.

आता तुमचा प्रश्न. तुमच्या ट्रेनरचं वाक्य मला पटत नाही. पत्नीचंही पूर्ण पटत नाही, पण तिचा राग शंभर टक्के पटतो. घर म्हणजे कंपनी नाही हे खरं धरलं, तर आईच्या गोळ्यांचा तक्ता का चालला? तोही कंपनीतूनच आला होता. म्हणजे कल्पना कुठून आली यावर काही ठरत नाही. तिथे ती कोणत्या दुखण्यावर चालत होती, ते दुखणं इथे आहे का, आणि तिथे तिच्याबरोबर आणखी काय काय होतं, यावर ठरतं. या शेवटच्या गोष्टीकडे लोक बघत नाहीत. तुम्हीही बघितलं नाहीत.

सोऱ्याचंच बघा. तुमच्या कंपनीत एखाद्या जुन्या मॉडेलच्या स्पेअरची ऑर्डर वर्षातून एकदा येत असेल. तिचं फिक्श्चर (काम करताना भाग पकडून ठेवणारं साधन) तीन महिने हललं नाही म्हणून तुम्ही ते भंगारात देता का? तेल लावून, नाव लिहून रॅकवर ठेवता. चकल्या दिवाळीला होतात, पुरण होळीला आणि एखाद्या सणाला. स्वयंपाकघराचं चक्र वर्षाचं असतं आणि तुम्ही त्याला तीन महिन्यांची फूटपट्टी लावलीत, तीही दिवाळी तोंडावर असताना. शिवाय रेड टॅग लावलेली वस्तू थेट गेटबाहेर जात नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. ती आधी एका ठरलेल्या जागी ठेवतात, ज्या विभागाची असेल त्याला कळवतात, तो "मला लागते" म्हणाला तर परत देतात. तुम्ही तर 'विभाग' माहेरी गेलेला बघून काम उरकलंत. कंपनीत असं केलं असतंत तर ऑडिटमध्ये तुमच्यावरच शेरा आला असता. तेव्हा स्वयंपाकघरात फाइव्ह एस फसलं असं म्हणू नका. ते तिथे झालंच नाही.

हे असं का होतं ते सांगण्यासाठी जरा लांबून येते.

तुमच्या ट्रेनिंगमध्ये टोयोटाचं नाव शंभरदा आलं असेल. त्या घराण्याची सुरुवात मोटारींपासून झालेली नाही, कापड विणायच्या मागांपासून झाली. साकिची टोयोडा या माणसानं असा माग बनवला की ताण्यातला धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. त्याचा स्वयंचलित माग १९२४ साली पुरा झाला आणि १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीनं विकत घेतले. आधी धागा तुटला तरी माग चालत राहायचा आणि वारच्या वार सदोष कापड निघायचं. म्हणून प्रत्येक मागाशी डोळ्यांत तेल घालून माणूस उभा करावा लागे. आता माग स्वतःच थांबू लागला, आणि एका कामगाराला अनेक माग सांभाळता येऊ लागले.

पुढे त्याच्या मुलानं मोटारी काढल्या. मोटारीच्या कारखान्यात ना ताणा ना बाणा. मग मागातलं तिकडे काय गेलं? 'दोष दिसला की तिथल्या तिथे थांबायचं, पुढे ढकलायचं नाही' एवढंच गेलं. लाइनवर डोक्यावरून दोरी आली. कुठल्याही कामगाराला गडबड दिसली की त्यानं ती ओढायची. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, वेळेत निस्तरलं नाही तर लाइन थांबते. तुमच्याकडे दोरीऐवजी बटण असेल. नाव तेच, अँडॉन. दोरी ओढणाऱ्याला कोणी बोलत नाही, निदान बोलू नये असं ठरलेलं असतं. सगळ्यात खालच्या माणसाला सगळ्यात मोठी गोष्ट थांबवायचा हक्क, यावर ती पद्धत उभी आहे. तक्ते, रंगीत पट्ट्या, लेबलं हे नंतरचं.

हीच गोष्ट पुढे, या घराण्याशी काहीही संबंध नसताना, दवाखान्यात दिसते. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २००१ च्या सुमारास पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरनं आयसीयूसाठी एक छोटी यादी केली. रुग्णाच्या मोठ्या शिरेत नळी घालताना जंतुसंसर्ग होऊन माणसं दगावत होती. यादीत नवीन काहीच नव्हतं. हात धुवा, कातडी नीट निर्जंतुक करा, रुग्णाला पूर्ण झाका, शक्यतो जांघेतून नळी घालू नका, गरज संपली की काढा. प्रत्येक डॉक्टरला हे शिकवलेलंच असतं. नवीन होतं ते पुढचं: डॉक्टरनं एखादी पायरी गाळली तर त्याला थांबवण्याचा अधिकार नर्सला दिला, आणि व्यवस्थापन तिच्या मागे उभं राहिलं. नंतर मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंनी हे उचललं. २००६ साली निकाल छापून आले. तीन महिन्यांत निम्म्याहून अधिक ठिकाणी असा संसर्ग शून्यावर आला होता.

याच्या उलटही झालं. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायची १९ मुद्द्यांची यादी जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली आणली. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर आले. साहजिकच सगळ्यांना ती हवीशी झाली. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतानं सगळ्या रुग्णालयांना ती सक्तीची केली. २०१४ मध्ये तिथल्या १०१ रुग्णालयांचे आकडे तपासले तर म्हणण्यासारखा फरकच नव्हता. कागदावर मात्र यादी जवळपास शंभर टक्के भरलेली. यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात. माझा तर्क साधा आहे: पहिल्या ठिकाणी लोकांनी यादी वाचता वाचता एकमेकांशी बोलायला सुरुवात केली, दुसऱ्या ठिकाणी वरून फतवा आला म्हणून खुणा केल्या.

आता तुमच्या घरात या. तुम्ही कंपनीतून तक्ता आणलात, लेबलं आणलीत, लाल चिठ्ठ्या आणल्यात. दोरी आणली नाहीत. तुमच्या घरात तुम्हाला थांबवायचा हक्क कोणाला आहे? मुलगा बोर्ड थांबवू शकत होता का? पत्नीला तर तुम्ही ती घरात नसताना गाठलंत. तुमच्या लाइनवरच्या कंत्राटी पोराला जो अधिकार आहे तो तुमच्या घरच्या माणसांना नाही. हे वाक्य तुम्हाला लागेल, पण लागू दे.

आईचा तक्ता का चालला तेही यातच आहे. तिथे चूक विसरण्यामुळे होत होती. आईला गोळी घ्यायची होतीच, फक्त "घेतली की नाही" हे आठवत नव्हतं. अशा दुखण्यावर यादीसारखं औषध नाही. विमानवाल्यांनी ते फार पूर्वी शोधलं. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायोमधल्या राइट फील्डवर बोइंगचं नवं चार इंजिनांचं बॉम्बर चाचणीसाठी उडालं आणि लगेच कोसळलं. वैमानिक कसलेले होते. विमान जमिनीवर असताना सुकाणू हलू नये म्हणून लावलेलं कुलूप काढायचंच राहून गेलं होतं. मग वैमानिकांसाठी लेखी यादी आली. जाणत्या माणसाच्या हातून विसरून होणारी चूक ती हीच, मग ती कॉकपिटमध्ये असो की तुमच्या आईच्या गोळ्यांच्या डब्यापाशी. शिवाय खूण आई स्वतः करते, तक्ता तिचा आहे, आणि उद्या तिनं "काढ रे तो" म्हटलं तर तुम्ही काढाल. सगळ्या घरात दोरी फक्त तिच्याच हातात होती.

मुलाचं उलट आहे. त्याचा अभ्यास विसरण्यामुळे राहत नाही. कशामुळे राहतो हे मला माहीत नाही, आणि तुमच्या पत्रावरून तुम्हालाही माहीत आहे असं दिसत नाही. कदाचित बीजगणितात आठवीपासूनच काहीतरी सुटलंय आणि आता विचारायची लाज वाटते. कदाचित तो तुमच्यासमोर पुस्तक उघडून बसतो आणि डोकं भलतीकडे असतं. बोर्डावर तास मोजायला लागलात तसे त्यानं तास दिले. जे मोजाल ते मिळतं. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५ साली चलनपुरवठ्याबद्दल बोलताना हेच दाखवलं होतं: एखाद्या आकड्याला धरून ताबा ठेवायला गेलं की तो आकडा पूर्वीसारखा खरं सांगेनासा होतो. पण त्यासाठी ब्रिटनला जायला नको. महिनाअखेरीला टार्गेट गाठायचं म्हणून तुमच्या लाइनवर काय काय पुढे ढकललं जातं आणि पहिल्या तारखेनंतर त्यातलं किती परत येतं, हे तुम्ही दर महिन्याला बघताच की. तुमच्या मुलानं घरात महिनाअखेर केली.

आणि ते व्हाय-व्हाय. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं ते हे, सोऱ्याहूनही जास्त. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी या पद्धतीचं जे उदाहरण दिलंय ते तुम्हाला पाठ असेल. मशीन का थांबलं? भार जास्त होऊन फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला पुरेसं वंगण नव्हतं. का नव्हतं? पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा शाफ्ट झिजला होता. का झिजला? गाळणी नसल्यामुळे धातूचा चुरा आत गेला. पाच 'का' झाले, पण एकाही उत्तरात माणसाचं नाव आलं नाही. सगळा शोध मशीनच्या पोटात चालला आणि शेवटी हाताला लागली एक गाळणी, जी बसवता येते. आता तुमच्या घरातलं. मार्क कमी का? अभ्यास झाला नाही. का? मोबाइल बघत होतो. का? दुसऱ्याच प्रश्नात पोरगं आरोपीच्या पिंजऱ्यात. पुढच्या तीन 'का'ला उत्तर नसतं, मान खाली घालणं असतं. तुम्ही आवाज चढवला नाहीत हे मान्य. शांत आवाजात घेतलेली उलटतपासणीही उलटतपासणीच असते. तो उठून गेला ते बरंच केलं. घरात दोरी नव्हती, म्हणून त्यानं दार वापरलं.

बोर्ड काढा. त्याच्या देखत, पण भाषण न करता. मग एखाद्या रविवारी त्याला एवढंच विचारा की गणित आणि विज्ञानात कुठला धडा सगळ्यात जड जातो. तुम्हाला येत असेल तर बसा त्याच्याबरोबर. येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडे पाठवा. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे, दिवस पुष्कळ आहेत. आठवड्याला एक सराव प्रश्नपत्रिका सोडवू दे आणि चुका तुम्ही एकट्यानं बघू नका, त्यालाच बघू द्या. चुकलेली उदाहरणं कुठल्या प्रकारची आहेत हे शोधणं तुमच्या हातचं आहे, रोज तेच तर करता. ते कौशल्य जरूर घरी आणा. फक्त ते पोरावर वापरू नका, प्रश्नपत्रिकेवर वापरा.

सोसायटीचं थोडक्यात आटपते, कारण तिथे तुमच्याआधी बऱ्याच जणांनी हेच करून पाहिलंय. इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी उशिरा मूल न्यायला येणाऱ्या पालकांना दहा शेकेल दंड लावला. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी त्याची नोंद ठेवली आणि २००० साली निष्कर्ष छापले. उशिरा येणारे वाढले, जवळजवळ दुप्पट झाले. आधी पालकांना ताईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. दंड आल्यावर वाटलं, आपण जादा वेळेचे पैसे देतोय. पुढे दंड रद्द केला तरी आकडा खाली आला नाही. एकदा भाव ठरला की लाज परत येत नाही. तुमच्या सोसायटीत पाहुण्यांच्या पार्किंगचा भाव आज दोनशे रुपये आहे, आणि मोशीत तो स्वस्तच म्हणायचा.

तेव्हा नुसता दंड मागे घेऊन तुमचं काम होणार नाही. वाढवूनही होईल असं मला वाटत नाही, आणि दंडाला सर्वसाधारण सभेची मान्यता घेतली होती का हेही एकदा तपासून ठेवा. मी आधी बघेन की दंड भरणारे कोण आहेत. बहुतेक तीच तीन-चार घरं निघतील आणि त्यांच्याकडे दुसरी गाडी असेल. मग प्रश्न शिस्तीचा नाही, जागेचा आहे. तो सभेत जागेचा प्रश्न म्हणून मांडा. इथे तुमचं व्हाय-व्हाय चालेल, कारण 'का' विचारायचाय तो पार्किंगला.

आता पत्नीच्या वाक्याकडे परत येते, कारण त्यात एक गंमत आहे. ओनो १९५६ साली अमेरिकेत गेले होते. कानबान या त्यांच्या पद्धतीचं श्रेय त्यांनी तिथल्या सुपरमार्केटला दिलं आहे: गिऱ्हाईक लागेल तेवढंच उचलतं आणि जेवढं उचललं गेलं तेवढंच दुकानदार फळीवर परत भरतो. म्हणजे तुमच्या कारखान्यातली ही भारी कल्पना किराणा दुकानातून आलेली आहे. तुमच्या पत्नीच्या स्वयंपाकघरात ती तुम्ही जायच्या आधीपासून असणार. तूरडाळीचा डबा तळाला गेला की यादीत तूरडाळ. तेलाची एक पिशवी फोडली की दुसरी आणायची. गहू वर्षाचे एकदम भरायचे, कोथिंबीर रोजची. हे तिनं कोणत्या ट्रेनिंगमध्ये शिकलं नाही आणि त्याला नावही दिलं नाही, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. तुम्ही डब्यांना लेबलं लावायला गेलात, पण डबे त्या क्रमानं का मांडलेत हे विचारलंत का? कंपनीत कुठलीही लाइन बदलण्याआधी तुम्ही तिथे जाऊन उभे राहता, काम बघता, करणाऱ्याला विचारता. गेम्बा म्हणता त्याला. घरात तो गेम्बा तुमच्या हॉलपासून दहा पावलांवर होता.

दुसऱ्या क्षेत्रातून आलेली कल्पना घरात रुजते तेव्हा काय होतं, याचं आपल्याकडचं एक उदाहरण सांगते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत नवजात बाळांची देखभाल घरातच करून दाखवली. बाळ जगवायला दवाखान्यात जे करतात त्यातलं काय घरी नेता येईल, हा तिथला प्रश्न होता. इमारत आणि काचेची पेटी नेता येत नाही. बाळ उबदार ठेवणं, वजन करणं, जंतुसंसर्ग वेळेत ओळखणं, गरज पडली तर इंजेक्शन देणं हे नेता येतं, आणि गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बाईला शिकवता येतं. तिला त्यांनी आरोग्यदूत म्हटलं. तिथले नवजात बालमृत्यू निम्म्याहून खाली आले, १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं आणि पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात ही पद्धत आली. दवाखान्याचं बाह्यरूप जवळजवळ सगळं मागे राहिलं आणि त्यामागचं कारण तेवढं घरात शिरलं. मुख्य म्हणजे ते घेऊन येणारी बाई त्या गावचीच होती, तिला "आत्ता नको" म्हणता येत होतं आणि ती उद्या परत येत होती.

तुम्ही याच्या नेमकं उलट केलंत. बाह्यरूप सगळं आणलंत.

तर ओळखायचं कसं, हे विचारलंय. मी असं करेन. कल्पना हातात आली की आधी तिचं नाव विसरायचं आणि तिथे ती कोणती चूक रोखत होती हे साध्या मराठीत सांगून बघायचं. सांगता आलं नाही तर ती आपल्याला कळलेलीच नाही, कितीही सर्टिफिकेटं असोत. सांगता आलं तर तीच चूक इथे होतेय का ते बघायचं, आणि ती चूक ज्याच्या हातून होतेय त्याला ती चूक वाटते का हेही. तुमच्या पत्नीला स्वयंपाकघर अस्ताव्यस्त वाटत नव्हतं. तुम्हाला वाटत होतं, आणि स्वयंपाक ती करते. त्यापुढचा प्रश्न सगळ्यात अवघड: ही कल्पना फसली तर किंमत कोण मोजणार? कारखान्यात फसलेलं कायझेन पुढच्या आठवड्यात मागे घेता येतं. भंगारात गेलेला सोऱ्या मागे घेता येत नाही. किंमत दुसऱ्याच्या खिशातून जाणार असेल तर आधी त्याचा होकार हवा, आणि 'नाही' म्हटल्यावर तुम्ही तोंड पाडणार असाल तर त्या होकाराला काही अर्थ नाही.

यातला कुठलाही प्रश्न घराला वेगळा आणि कंपनीला वेगळा नाही. म्हणून म्हटलं, पत्नीचं वाक्य मला अर्धंच पटतं. कंपनीनं तुम्हाला काही चांगल्या सवयी दिल्यात, त्या टाकून देऊ नका. तुम्ही उद्या घरी जाऊन "आजपासून कंपनीतलं काही नाही" असं जाहीर केलंत तर तोही एक फतवाच होईल.

राहिली रात्रीची मीटिंग. नको, निदान आत्ता नको. शिफ्ट बदलताना तुम्ही दहा मिनिटं उभे राहून बोलता, कारण जाणारी आणि येणारी माणसं एरवी एकमेकांना भेटतच नाहीत. तुमच्या घरातली चार माणसं एका टेबलावर जेवतात. पत्नी कामापुरतं बोलत असताना तिला रोज रात्री अजेंड्यावर बोलायला बसवणं मला बरं दिसत नाही. तुमची सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्यात मुलाची आणि तुमची गाठच पडत नसेल, तर त्या आठवड्यापुरते सकाळी तो शाळेला निघायच्या आत उठा आणि त्याच्याबरोबर चहा घ्या. तो बोलला तर ऐका, नाही बोलला तर चहा प्या. वही-पेन आणू नका.